फ्रेटबोर्डवरच्या नोट्स लक्षात राहत नाहीत? आधी मोजणं बंद करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं गिटार वाजवतोय, ओपन कॉर्ड येतात, बार कॉर्ड बऱ्यापैकी वाजतात, टॅब (कुठली तार, कितवा फ्रेट एवढंच लिहिलेला कागद) बघून सोलोसुद्धा बसवतो, पण कुणी म्हणालं की चौथ्या तारेवर बी दाखव, तर ओपन (न दाबलेल्या) तारेपासून एकेक फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरचं एकेक घर, मोजत जावं लागतं. नोट्सचा चार्ट तीनदा पाठ केला आणि तीनदा विसरलो. हे खरंच लागतं का, आणि लागत असेल तर डोक्यात बसवायचं कसं?

सोळा-सतरा वर्षं गिटार शिकवतोय, त्यामुळे सांगतो की हे तुमचं एकट्याचं दुखणं नाहीये. पाच-पाच वर्षं वाजवणारी, सोलो फाडफाड घेणारी मंडळी पण इथेच अडकतात. मी स्वतः अडकलो होतो. एका रिहर्सलला कीबोर्डवाला म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला बी फ्लॅटवरून ये", मी मान डोलावली आणि मनात सहाव्या तारेवर ई, एफ, एफ शार्प, जी असं मोजायला लागलो, बी फ्लॅट सापडेपर्यंत दुसरं कडवं सुरू होऊन अर्धं झालं होतं. बोटं तयार होती, कॉर्ड येत होता, फक्त पत्ता माहीत नव्हता.

लागतं का, तर खरं सांगायचं म्हणजे सगळ्यांना लागत नाही. स्वतःच्या गाण्याला साथ म्हणून सात-आठ ओपन कॉर्ड आणि कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) एवढ्यावरच खूश असाल तर याच्याशिवाय आयुष्य छान जाईल. पण दुसऱ्यांबरोबर वाजवायचं असेल, सोलो स्वतः रचायचा असेल, एकच कॉर्ड तीन ठिकाणी घ्यायचा असेल, नोटेशन वाचायचं असेल, तर लागतंच. टॅबने सवय अशी लागते की आपल्याला जागा कळते आणि नाव कळत नाही. टॅब म्हणतो तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट, आपण दाबतो, वाजतं, विषय संपला. ती डी होती हे कुणी विचारतच नाही.

आता चार्ट तीनदा पाठ करून तीनदा का विसरलात ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. चार्टवर तुम्ही एका खान्यावर बोट ठेवता आणि तिथे काय लिहिलंय ते वाचता, म्हणजे जागेवरून नावाकडे जाता. वाजवताना मात्र बरोबर उलटं लागतं, डोक्यात आधी नाव येतं आणि जागा शोधायची असते. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाचा सराव केला म्हणून दुसरं आपोआप येत नाही. लहानपणी मुळाक्षरं घडाघडा म्हणायचो, पण "ध च्या आधी काय?" असं विचारलं की पुन्हा त, थ पासून सुरुवात, तसंच हे. ओळीने पाठ केलेली गोष्ट मधूनच काढता येत नाही. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात प्रत्येक वेळी आधी नाव, मग जागा, आणि मधे मोजणं नाही, एवढं धरून चला.

आधी घाबरवणारा आकडा जरा छोटा करू. ६ तारा आणि १२ फ्रेट म्हणजे ७२ जागा. बाराव्या फ्रेटनंतर सगळं पुन्हा तेच, म्हणून पुढचं सोडून द्या. त्या ७२ मधे शार्प-फ्लॅट (नोटच्या एक फ्रेट पुढची आणि एक मागची) आत्ता बाजूला ठेवा, ते नैसर्गिक, म्हणजे साध्या ए ते जी, नोट्सच्या मधे बसलेलेच आहेत, शेजारी कळला की ते कळतात. उरल्या प्रत्येक तारेवर सात, म्हणजे ४२. पहिली आणि सहावी तार दोन्ही ई, दोघींवर नोट्स अगदी त्याच फ्रेटवर, म्हणून एक तार वजा, उरल्या ३५. बारावा फ्रेट म्हणजे ओपन तारेचंच नाव आणि ते तुम्हाला ट्यूनिंगमुळे येतंच, पाच तारांवरचे पाच गेले, उरल्या ३०. तीस जागा! एवढे कॉर्ड तर तुम्हाला आधीच येत असतील.

पाया म्हणून एकच गोष्ट पक्की हवी. नोट्स ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. कुठल्याही दोन शेजाऱ्यांमधे दोन फ्रेटचं अंतर, फक्त बी-सी आणि ई-एफ हे दोन जुळे, त्यांच्यात एकच फ्रेट. पेटीवर बघितलं तर या दोन ठिकाणीच दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे काळी नसते. गिटारवर काळं-पांढरं काही दिसत नाही, सगळे फ्रेट सारखेच दिसतात, ही गिटारची मुख्य अडचण. पेटीवर डोळ्यांना जे फुकट मिळतं ते इथे लक्षात ठेवावं लागतं. ज्यांनी आधी गाणं शिकलंय त्यांचा इथे अजून एक घोळ होतो, ते सी ला सा समजून बसतात. सा कुठेही धरता येतो, तो सरकतो, सी सरकत नाही. सी मेजरमधे सी म्हणजे सा, जी मेजर धरलं की तोच सी मध्यम झाला. सा-रे-ग नातं सांगतात, ए-बी-सी पत्ता सांगतात, दोन्ही लागतात पण एकमेकांत मिसळू नका.

आता तारा. जाडीकडून बारीककडे, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत, ई, ए, डी, जी, बी, ई. शेजारच्या तारांमधे पाच फ्रेटचं अंतर, फक्त जी आणि बी मधे चार. कानाने ट्यून करताना पाचवा फ्रेट, पाचवा, पाचवा, मग चौथा, मग परत पाचवा असं जे करतो ते यामुळेच. हा एक फ्रेटचा वाकडेपणा नसता तर सगळा फ्रेटबोर्ड एका साच्यात बसला असता. स्टॅनली जॉर्डनसारखा गिटारिस्ट सगळ्या तारा पाच-पाच फ्रेटच्या अंतरावर लावून वाजवतो, म्हणजे ई, ए, डी, जी, सी, एफ. ऐकायला भारी वाटतं, पण मग सगळ्यात जाड तार ई आणि सगळ्यात बारीक एफ, आपले नेहमीचे ओपन आणि बार कॉर्ड सगळे मोडले. नेहमीच्या ट्यूनिंगमधे तो वाकडेपणा कॉर्डच्या सोयीसाठी सहन करायचा. तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना एक फ्रेट पुढे सरकायचं, हे हाडात मुरलं की अर्धी लढाई संपली.

थोडं प्रत्येक फ्रेट आडवं बघू, कारण हे कुणी सांगत नाही आणि फार कामाचं आहे. पाचव्या फ्रेटवर जाडीकडून वाचा: ए, डी, जी, सी, ई, ए. एकही शार्प नाही. दहाव्यावर: डी, जी, सी, एफ, ए, डी. इथेही एकही नाही. बारावा म्हणजे ओपनच, तोही स्वच्छ. म्हणजे पाच, दहा, बारा या तीन फ्रेटवर डोळे मिटून बोट ठेवलं तरी नैसर्गिक नोटच लागणार. आणि अकरावा बरोबर उलटा, तिथे सहाही तारांवर एकही नैसर्गिक नोट नाही, सगळे शार्प-फ्लॅट. सातव्या फ्रेटवर सहावीपासून तिसरीपर्यंत बी, ई, ए, डी, हा तर इंग्रजीत मण्याला जो शब्द आहे तोच झाला, बीड. पुढे दुसऱ्या तारेवर वाकडेपणामुळे एक फ्रेट सरकून आठव्यावर जी आणि पहिलीवरही आठव्यावर सी. बी-ई-ए-डी-जी-सी-एफ हा क्रम लक्षात असला तर कुठल्याही फ्रेटवर जाड तारेकडून बारीककडे जाताना पुढची नोट कोणती ते कळतं, कारण आपण प्रत्येक वेळी याच साखळीत एक घर पुढे सरकत असतो. तिसऱ्या फ्रेटवर बघा: जी, सी, एफ, आणि त्यानंतर साखळी परत बी वर येते, पण फ्लॅट होऊन, तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट बी फ्लॅट.

बहुतेक गिटारवर तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि बारावा या फ्रेटवर ठिपके असतात, बाराव्यावर दोन. हे ठिपके म्हणजे मैलाचे दगड. डोळा आधी ठिपक्यावर जाऊ दे आणि ठिपक्यावरच्या नोट्स सगळ्यात आधी पक्क्या करा. पाचव्याचा आणि सातव्याचा एक सोपा नियम आहे. पाचव्या फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेचं नाव मिळतं आणि सातव्या फ्रेटवर शेजारच्या जाड तारेचं. चौथी तार घ्या, डी. पाचव्या फ्रेटवर जी, म्हणजे तिसऱ्या तारेचं नाव. सातव्यावर ए, म्हणजे पाचव्या तारेचं नाव. जी-बी जोडीत तेवढं बदलतं, तिसऱ्या तारेवर बी चौथ्या फ्रेटवर मिळते आणि दुसऱ्या तारेवर जी आठव्या फ्रेटवर. म्हणजे ट्यूनिंगची सहा नावं तुम्हाला येत असतील तर प्रत्येक तारेच्या मधोमध दोन जागा फुकटात आल्या.

आता मुख्य गोष्ट, आणि सगळं सोडून एकच वाचायचं असेल तर हेच वाचा. एकच नोट सगळ्या फ्रेटबोर्डवर कुठे कुठे आहे ते शोधायला एक ठरलेला रस्ता आहे. तारांचा क्रम सहा, चार, दोन, पाच, तीन, आणि परत सहा. आधी सम, मग विषम. पहिली तार सहावीचीच बहीण असल्यामुळे ती सहाबरोबर येते. दर टप्प्याला किती फ्रेट पुढे जायचं तेही ठरलेलं: दोन, तीन, दोन, दोन, तीन. बेरीज करा, बारा. म्हणजे फिरून घरी.

जी घेऊन करून बघा, गिटार हातात घ्या, नुसतं वाचू नका. सहाव्या तारेवर जी तिसऱ्या फ्रेटवर, पहिलीवरही तिसऱ्याच. दोन फ्रेट पुढे, चौथी तार, पाचवा फ्रेट, जी. तीन पुढे, दुसरी तार, आठवा फ्रेट, जी. दोन पुढे, पाचवी तार, दहावा फ्रेट, जी. अजून दोन पुढे, तिसरी तार, बारावा फ्रेट, जी, जी ओपन तार म्हणूनही आहे. तीन पुढे, परत सहावी तार, पंधरावा फ्रेट. कुठेही मोजलं नाही, शार्प-फ्लॅटचा विचार केला नाही, फक्त रस्ता चाललो.

आता सी. ती सहाव्या तारेवर आठव्या फ्रेटवर आहे, पण ओपन सी कॉर्डमुळे सगळ्यांच्या ओळखीची सी म्हणजे पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट. तिथूनच घुसा. हा सहा-चार-दोन-पाच-तीनचा रस्ता म्हणजे एक साखळीच, तिच्यात कुठूनही चढता येतं, गोल आहे ती. पाचवीवर तिसरा, मग तिसरीवर पाचवा, मग सहावी आणि पहिलीवर आठवा, मग चौथीवर दहावा, मग दुसरीवर तेरावा, आणि तेरावा म्हणजे पहिला, जो ओपन सी कॉर्डमधे पहिल्या बोटाने दाबताच. ज्यांनी केज्ड सिस्टमचं नाव ऐकलंय त्यांना एव्हाना वास लागला असेल, ती सिस्टम याच साखळीवर कॉर्डचे आकार चढवते. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी नुसती साखळी देतो, कॉर्डचे आकार नंतर. आकार आधी दिले की परत बोटं शिकतात आणि नाव राहून जातं, हा माझा अनुभव आहे, काही शिक्षक उलटं करतात आणि त्यांचंही चालतं.

या साखळीत प्रत्येक टप्प्याला जी नोट मिळते ती कधी वरच्या सप्तकातली असते तर कधी खालच्या. जॅझ गिटारिस्ट वेस मॉन्टगोमेरी ऑक्टेव्ह वाजवायचा, म्हणजे एकच नोट दोन सप्तकांत एकदम, ते सहावी-चौथी, पाचवी-तिसरी, चौथी-दुसरी हेच आकार. तुम्ही पण दोन नोट्स एकत्र छेडा आणि मधली तार बोटाच्या पोटाने हलकेच टेकून गप्प करा, जागा चुकली तर कानाला लगेच कळतं. हा मोठा फायदा आहे, चार्टवर चूक झाली तर चार्ट ओरडत नाही, इथे गिटार स्वतःच ओरडते.

तंतोतंत तोच स्वरही अनेक ठिकाणी मिळतो, आणि गिटार गोंधळात पाडते ती इथेच. पहिली ओपन तार ई, साधारण ३२९.६ हर्ट्झ. हीच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्याच्या नवव्या, चौथ्याच्या चौदाव्या, पाचव्याच्या एकोणिसाव्या आणि २४ फ्रेटची गिटार असेल तर सहाव्याच्या चोविसाव्या फ्रेटवर. पेटीवर या स्वराला एकच पट्टी, गिटारवर सहा जागा. स्वर तोच पण आवाजाचा पोत वेगळा, जाड तारेवर वर जाऊन वाजवलेला जरा गोल आणि दाट. वाजवून बघा, एकाच स्वराची सहा माणसं बोलल्यासारखी वाटतात.

आता रोज करायचं काय. पहिला आठवडा फक्त सहावी आणि पाचवी तार. कारण बार कॉर्डचे रूट (ज्या नोटवरून कॉर्डला नाव मिळतं ती नोट) या दोन तारांवर असतात, म्हणजे जे शिकाल ते त्याच दिवशी वापरता येतं. सहावीवर एफ पहिला, जी तिसरा, ए पाचवा, बी सातवा, सी आठवा, डी दहावा. पाचवीवर बी दुसरा, सी तिसरा, डी पाचवा, ई सातवा, एफ आठवा, जी दहावा. बघा, दोन्ही तारांवर तीन, पाच, सात, आठ, दहा हे फ्रेट सारखेच आलेत, फक्त एकीवर पहिला आणि दुसरीवर दुसरा एवढाच फरक. पण हे असं ओळीने पाठ करू नका, मी ओळीने लिहिलंय ते फक्त तपासायला. सराव करताना चिठ्ठ्या करा. सात चिठ्ठ्यांवर सात नावं, डब्यात टाका, एक काढा, नाव मोठ्याने म्हणा, आधी सहाव्या तारेवर वाजवा मग पाचव्या. पुढची चिठ्ठी. रोज पाच मिनिटं, दहाच्या वर नको, डोकं थकलं की परत मोजायला लागतं.

मोठ्याने म्हणा हे मुद्दाम सांगतोय. इंग्रजीत बी, सी, डी, ई, जी ही सगळी नावं एकमेकांसारखी वाजतात, पुटपुटलं तर स्वतःलाच कळत नाही आपण काय म्हणालो. स्पष्ट म्हटलं की नाव, हात आणि कान एकाच क्षणी जुळतात. जमत असेल तर त्या स्वरातच नाव गा. माझ्याकडे एकजण यायचा, लाजरा, काही केल्या तोंड उघडायचा नाही, दोन महिने नुसतं मनात म्हणून केलं, काही उपयोग झाला नाही. मग मी उठून दुसऱ्या खोलीत जायला लागलो आणि म्हणालो मला भिंतीपलीकडून ऐकू यायला हवं. तीन आठवड्यांत आलं त्याला.

दुसऱ्या आठवड्यात चौथी आणि तिसरी तार, पण स्वतंत्र शिकायची नाही. चिठ्ठी आली एफ, सहावीवर पहिला फ्रेट, दोन पुढे जाऊन चौथीवर तिसरा. चिठ्ठी आली डी, पाचवीवर पाचवा, दोन पुढे तिसरीवर सातवा. काही दिवस असा आधार घेऊन जाल, मग हळूहळू आधार न घेताच बोट चौथ्या तारेवर पडायला लागेल. ते आपोआप होतं, घाई करू नका. दुसरी तार सगळ्यात शेवटी, ती खरंच सगळ्यात त्रासदायक आहे, सी पहिला, डी तिसरा, ई पाचवा, एफ सहावा, जी आठवा, ए दहावा. बाकी तारांवर सातवा फ्रेट नैसर्गिक असतो आणि या एकट्या तारेवर तो एफ शार्प. लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून ते सहा-आठ वेगळं रंगवून ठेवा डोक्यात.

चिठ्ठ्यांवर जमायला लागलं की मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र. मिनिटाला ४० वर लावा. एक चिठ्ठी, साखळीतून सगळ्या तारांवर, दर चार ठोक्यांना एक जागा. मग दर दोन ठोक्यांना. मग दर ठोक्याला. चुकलं तर थांबून मागे जायचं नाही, पुढच्या ठोक्याला पुढची जागा घ्यायची, गाण्यातही कुणी तुमच्यासाठी थांबत नाही. ६० च्या वेगाला दर ठोक्याला एक जागा, कुठलीही चिठ्ठी, न अडखळता, एवढं झालं की मी म्हणतो याला फ्रेटबोर्ड येतो. रोज दहा मिनिटं देणारे बहुतेक लोक सहा ते आठ आठवड्यांत इथे पोचलेले बघितलेत. रविवारी एकदम दोन तास बसणारे सहसा पोचत नाहीत, त्यांना दर रविवारी परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आणि हे सगळं कवायत म्हणूनच करत बसाल तर महिन्याभरात उडून जाईल, वाजवण्यात आलं पाहिजे. रोज वाजवता ते कॉर्ड घ्या आणि प्रत्येक तारेचं नाव म्हणा. ओपन सी: सी, ई, जी, सी, ई. पाच तारा पण नावं तीनच. ओपन जी: जी, बी, डी, जी, बी, जी. परत तीनच. मग तोच सी मेजर फक्त बारीक तीन तारांवर घ्या: तिसरी ओपन, दुसरीवर पहिला फ्रेट, पहिली ओपन, म्हणजे जी-सी-ई. आता वर चढा, तिसरी आणि दुसरीवर पाचवा, पहिलीवर तिसरा, म्हणजे सी-ई-जी. अजून वर, तिसरीवर नववा, दुसरी-पहिलीवर आठवा, ई-जी-सी. एकच कॉर्ड, तीन ठिकाणी, तीन वेगळे रंग, आणि तुम्हाला प्रत्येक बोटाखालची नोट माहितीये. दोन गिटार एकत्र वाजताना दोघांनी तोच ओपन सी बडवण्यापेक्षा एकाने हे वरचं घेतलं की गाणं कसं उघडतं ते बघा.

दुसरं म्हणजे एका तारेवर वाजवणं. एखादी साधी, पाठ असलेली धून फक्त चौथ्या तारेवर वाजवा, नावं म्हणत. आडवं सरकताना ई-एफ आणि बी-सी हे जुळे कुठे येतात ते हाताला कळतं, चौथीवर दोन-तीन आणि नऊ-दहा. फ्रेट वर वर जवळ येत जातात हेही हाताला कळायला हवं, ६४८ मिलिमीटर स्केल लेंथच्या (वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) साधारण ३६ मिलिमीटरवर असतो आणि बाराव्या ते तेराव्यामधलं अंतर त्याच्या निम्मं, १८ च्या आसपास. खालच्या फ्रेटवर सराव केलेला हात वर गेला की पुढे जाऊन पडतो तो यामुळे. म्हणून सराव पहिल्या पाच फ्रेटमधेच अडकवून ठेवू नका.

काही गोष्टी ज्या मी करू देत नाही. फ्रेटबोर्डवर नावांचे स्टिकर लावणं. स्टिकर असला की डोळा वाचतो, डोकं काही आठवत नाही, आणि स्टिकर काढला की तुम्ही होता तिथेच. अॅपबद्दल माझी तेवढी तक्रार नाही, पण बरीच अॅप ठिपका दाखवून नाव विचारतात, ती उलटी दिशा झाली, नाव देऊन जागा विचारणारं असेल तर वापरा. चार्ट आणि टॅबमधे जाड तार खाली काढलेली असते, मांडीवरच्या गिटारकडे वरून बघितलं तर ती वर दिसते, नवीन माणसाचा इथे इतका गोंधळ होतो की तो चूक स्वतःच्या स्मरणशक्तीवर ढकलतो. चार्ट फक्त तपासायला ठेवा, शिकायचं ते गिटारवरच.

शार्प-फ्लॅट वेगळे शिकू नका. एफ माहितीये तर एक फ्रेट पुढे एफ शार्प, बी माहितीये तर एक मागे बी फ्लॅट. एकाच जागेला दोन नावं का, ए शार्प म्हणू की बी फ्लॅट, असं विचारतात. स्केलमधे प्रत्येक अक्षर एकदाच यावं म्हणून. एफ मेजर घ्या: एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी, डी, ई. इथे ए शार्प म्हणालात तर ए दोनदा आला आणि बी गायबच झाला. चिठ्ठ्यांत चौथ्या-पाचव्या आठवड्यात पाच नवीन चिठ्ठ्या टाका, प्रत्येकीवर दोन्ही नावं लिहा, काढलीत की कधी हे म्हणा कधी ते.

कापो लावलात तर आकाराचं नाव आणि खरी नोट वेगळी होते, दुसऱ्या फ्रेटवर कापो आणि सी चा आकार म्हणजे वाजतो डी. सराव करताना कापो काढूनच करा. ड्रॉप डी ट्यूनिंग, म्हणजे सहावी तार ई वरून डी वर उतरवणं, केलं की फक्त सहाव्या तारेवरचं सगळं दोन फ्रेट पुढे सरकतं, जी तिसऱ्याऐवजी पाचव्यावर, ए सातव्यावर, बाकी पाच तारा जागच्या जागी. साखळीत तेव्हा सहाव्या तारेच्या जागी पहिली धरा आणि तसंच पुढे चाला, चौथीवर दोन पुढे.